तिवई, खुर्ची आणि हिरवं छत : फिनलंडमधले सहा दिवस

भाची हेलसिंकीशेजारच्या एस्पोला राहायला गेली तेव्हापासून एकच पालुपद चालू होतं, "मावशी, ये ना, उत्तरेकडचे दिवे, आकाशातला तो ध्रुवप्रकाश, दाखवते." मी म्हटलं, दिवे राहू देत. थंडीत मी काही येत नाही. ऑगस्टअखेर येईन, पण मला एक हॉस्पिटल बघायचंय. फोनवर दोन क्षण शांतता. "सुट्टीत हॉस्पिटल?"

तिचा प्रश्न बरोबरच होता. एकतीस वर्षं पुण्यात छातीच्या वॉर्डात फिजिओथेरपी केल्यावर माणूस सुट्टीत समुद्र बघतो. पण हे हॉस्पिटल आल्वार आल्तो या आर्किटेक्टचं, पायमिओ गावाबाहेरच्या जंगलातलं, क्षयरोग्यांसाठी १९३३ साली बांधून पुरं झालेलं. त्याची एक खुर्ची जगभरच्या संग्रहालयांत आहे, आणि जिथे तिथे खाली लिहिलेलं असतं की हिच्या पाठीच्या उतारामुळे रुग्णाला श्वास घ्यायला सोपं जायचं. माझ्या धंद्यातलं वाक्य दुसऱ्या धंद्याचा माणूस बोलला की मला चौकशी करावीशी वाटते.

दुसरं कारण घरातलं. आईचे वडील मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये चौदा महिने होते. बरे होऊन आले आणि नंतर अठ्ठावीस वर्षं जगले. त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसत. फक्त कधी विचारलं तर म्हणायचे, "आमच्या वॉर्डाच्या छताला एकशे चौदा फळ्या होत्या."

मंगळवार : हेलसिंकी

विमान, ट्रेन, भाचीचं घर, बूट दाराशी काढणं (इथे सगळेच काढतात, आपल्याला वेगळं वाटत नाही), पोहे. दुपारी चार नंबरच्या ट्रामने मुन्किनिएमीला. रिहितिए या रस्त्यावर २० नंबरचं आल्तोचं स्वतःचं घर आहे. १९३६ मध्ये तो, बायको आइनो आणि मुलं इथे राहायला आली. आइनो स्वतः आर्किटेक्ट होती. फर्निचर, काच, घरांची आतली मांडणी यांत दोघांचं काम इतकं एकमेकांत मिसळलेलं आहे की नुसतं 'आल्तोची खुर्ची' म्हणताना थोडं अपराधी वाटतं.

रस्त्यावरून घर अगदी गरीब दिसतं. पांढरी विटांची भिंत, वर काळपट लाकडी पट्ट्या, खिडक्या जेमतेम. सगळा उजेड मागच्या बाजूला, बागेकडे. आत गेल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, "अगं, हे तर राहतं घर वाटतंय." पियानो, झेब्र्याच्या पट्ट्यांच्या कापडाची ऐसपैस खुर्ची, कुंड्या. कामाची खोली आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये सरकतं दार. ऑफिस घरात असल्याचे फायदे-तोटे आपण साथीच्या दोन वर्षांत शिकलो. या माणसाला ते दार आधीच सुचलं होतं.

(जाणाऱ्यांसाठी : घर फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं, गट लहान असतात, त्यामुळे आधी आरक्षण करा. सोमवारी इथली बरीच संग्रहालयं बंद असतात, म्हणून आम्ही मंगळवार धरला.)

परतताना अकादमिक बुकशॉपमध्ये कॉफी. इमारत आल्तोचीच, १९६९ची. छतातून स्फटिकासारख्या काचा खाली उतरलेल्या. बरोबर घेतलेल्या गोल वळ्यांच्या पावाचं नाव कोर्वापुस्ती, शब्दशः 'कानाखाली'. दालचिनी असेल असं वाटलं होतं, पण आधी वेलदोडा लागतो. हे म्हणाले, श्रीखंडाचा वास येतोय. मग दोन अजून घेतले.

बुधवार : खुर्चीत बसून बघितलं

सकाळी केस्कुसकातूवरच्या आर्तेकच्या दुकानात. आल्तो दांपत्य, माइरे गुलिक्सेन आणि निल्स-गुस्ताव्ह हाल या चौघांनी १९३५ मध्ये ही कंपनी काढली, त्याच्या खुर्च्या विकायलाच. संग्रहालयात दोरी असते, दुकानात नसते. तिथे पायमिओ खुर्ची होती. मी मुलीला विचारलं, बसू का? ती म्हणाली, जरूर.

खुर्ची अशी : बर्चच्या पातळ थरांना चिकटवून, वाकवून केलेल्या दोन बंद चौकटी. तोच हात, तोच पाय, कुठे तुटत नाही. त्या दोहोंमध्ये प्लायवुडचा एकच पातळ पत्रा, बसायला आणि टेकायला, दोन्ही टोकांना गुंडाळल्यासारखा वळलेला. डोक्याजवळ आडव्या चिरा. गादी नाही, स्प्रिंग नाही, पण बसल्यावर पत्रा किंचित दबतो. त्या काळात जर्मनीत मार्सेल ब्रॉयरने स्टीलच्या नळ्यांची खुर्ची केली होती, तिचा आल्तोवर प्रभाव होता. पण आजारी माणसाच्या हाताला गार धातू लागावा हे त्याला पटेना. फिनलंडची थंडी आठवली की हा मुद्दा लगेच समजतो.

आता माझं मत. धाप लागलेल्या माणसाला आम्ही मागे रेलून बसवत नाही. पुढे झुकवतो, कोपर टेबलावर किंवा मांडीवर टेकवतो. त्यामुळे खांदे स्थिर होतात आणि छातीचे जादा स्नायू श्वासाच्या कामाला लागतात. म्हणजे 'श्वासाला सोपी खुर्ची' हे वाक्य सरसकट खरं नाही. पण क्षयाचा रुग्ण त्या काळात धाप लागून नव्हे, महिनोन्महिने विश्रांती म्हणून पडलेला असायचा. त्याला रेलून, छाती उघडी ठेवून, हात वर टेकून बसणं नक्कीच बरं. चौकटीचा वरचा भाग लांब आणि सपाट असल्याने अख्खा हात टेकतो आणि खांद्यावरचा भार उतरतो. हे त्याला कुणी सांगितलं की बसून बसून कळलं, कोण जाणे.

उठताना मात्र पंचाईत झाली. बैठक खाली आणि मागे उतरती. माझे गुडघे साठीचे. यांनी हात दिला. अशक्त रुग्ण कसा उठत असेल? दुकानातली मुलगी हसून म्हणाली, "नर्सेस होत्या ना."

दुपारी पिएनी रोबेर्तिनकातूवर, त्याच कंपनीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात. शाळा, ग्रंथालयं, कॅन्टिन अशा ठिकाणांहून परत विकत घेतलेली स्टुलं. रंगाचे तीन-तीन थर, कपाचे गोल डाग, कुणी पेनाने कोरलेलं नाव. यातलं मुख्य म्हणजे स्टूल ६०, १९३३ सालचं. गोल बैठक, तीन पाय, संपलं. माझ्या तोंडून निघालं, "अरे, ही तर तिवई!" आजोळी स्वयंपाकघरात होती. सारवलेल्या जमिनीवर चार पायांचं काहीही डुगडुगतं, तीन पायांचं कधी नाही.

पण तिवईचा पाय सरळ आणि तिरका असतो. हा पाय वर येऊन काटकोनात वळतो आणि बैठकीला खालून स्क्रूने लागतो. सगळी करामत त्या वळणात आहे. अखंड बर्चच्या दांड्याला एका टोकाकडून उभ्या बारीक चिरा पाडायच्या, दांडा कंगव्यासारखा होतो. चिरांमध्ये पातळ लाकडी पापुद्रे सरसात घालून सरकवायचे आणि मग तो भाग वाकवायचा. सरस सुकला की लाकूड परत सरळ होत नाही. उरलेला पाय नेहमीचंच लाकूड. म्हणून जवळून पाहिलं तर वळणापाशीच बारीक रेघा दिसतात, खाली नाहीत. स्टुलं एकावर एक रचली की पाय चक्राकार फिरत जातात. वीस स्टुलं म्हणजे एक जिना.

हे सगळं बर्चमध्ये का? कारण इथल्या रानांत ते भरपूर. पांढऱ्या सालीचं हे झाड पहिल्या दिवसापासून ट्रामच्या खिडकीतून दिसत होतं, आणि त्या दुकानात एकदम डोक्यात उजेड पडला. बर्च म्हणजे भूर्ज. आपल्या पोथ्यांचं भूर्जपत्र हिमालयातल्या त्याच्याच भावाच्या सालीचं, आणि शब्दही मुळात एकच. भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, चार वर्षं मी रोज या झाडाखालून बसस्टॉपवर जाते."

एक जुनं स्टूल बाजूला ठेवायला सांगून आलो. यांचा चेहरा बोलका होता. बॅगेत वजन किती राहिलंय, हे त्यांनी मनात मोजलं असणार.

गुरुवार : तुर्कू, आडवा पाऊस

ट्रेनने दोन तास. तुर्कू ही जुनी राजधानी, नदीच्या दोन्ही काठांनी वसलेली. पाऊस वरून पडतच नव्हता, समोरून येत होता. छत्री उघडण्यात अर्थ नाही, रेनकोटच न्या.

आल्तो १९२७ मध्ये इथे आला आणि त्याचं नशीब इथेच फळलं. ओट्टो कोर्होनेन नावाचा फर्निचर कारखानदार त्याला इथे भेटला. आर्किटेक्टच्या डोक्यात वाकलेलं लाकूड होतं, कोर्होनेनकडे यंत्रं, कारागीर आणि लाकडाची नस ओळखणारा हात. दोघांनी वर्षानुवर्षं तुकडे वाकवून, मोडून, पुन्हा वाकवून बघितले. पायमिओची खुर्ची काय किंवा स्टुलाचा पाय काय, सगळं त्या खटपटीतून आलं. पुस्तकांच्या मुखपृष्ठावर एकच नाव येतं, ही आपल्याकडच्या सुतारांनाही ओळखीची गोष्ट आहे.

काउप्पिआसकातूवर त्याची 'तुरुन सानोमात' या वर्तमानपत्राची इमारत बाहेरून बघितली आणि भिजून थेट मंडईत शिरलो. १८९६ची लाल विटांची मंडई, आत लाकडी गाळे. गुरुवार असल्यामुळे वाटाण्याचं सूप. इथे गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि नंतर जॅम घातलेलं धिरडं, ही रीतच आहे. सूपमध्ये मांस असतं, शाकाहारी असाल तर आधी विचारा. माझ्यासाठी बिनमांसाचं निघालं. चव थेट आपल्या कडधान्याच्या आमटीची, फक्त फोडणी विसरलेली. वाटीच्या कडेला मोहरीची चटणी देतात, ती सगळी ढवळून घ्या.

संध्याकाळी फोरीने नदी ओलांडली. पिटुकली होडी, दोन मिनिटांत पलीकडे, तिकीट नाही. एक आजोबा सायकलसकट चढले, उतरले, आणि त्याच होडीने परत आले. दोन फेऱ्या आम्हीही मारल्या.

शुक्रवार : पायमिओ

बसमध्ये मी घाईने घंटा दाबली आणि आम्ही महामार्गावर भलत्याच थांब्याला उतरलो. चूक सर्वस्वी माझी. समोर कापलेलं शेत, मागे ट्रक, नकाशात अजून पाच किलोमीटर. पाऊस थांबला होता एवढंच. अर्धा तास चाललो असू, तेवढ्यात एक जुनी गाडी थांबली. चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या, मागच्या सीटवर पिवळ्या आळंब्यांची परडी. इथल्या जंगलात कुणीही आळंबी आणि रानातल्या बेरी वेचाव्यात, मालक कुणीही असो. बाईंचं इंग्रजी माझ्या फिनिशपेक्षा थोडंच बरं. 'आल्तो' म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, 'सनातोरियो' म्हटल्यावर मात्र गाडीचं दार उघडलं. त्यांची आई तिथल्या धुलाईघरात होती म्हणे. लहानपणी त्यांना कुंपणाच्या आत यायला मनाई होती. मला आजोबांची वेगळी ठेवलेली ताट-वाटी आठवली.

(जाणाऱ्यांसाठी : तुर्कूहून पायमिओ गावापर्यंत बस भरपूर आहेत, पण सॅनेटोरियम गावाबाहेर आहे. शेवटच्या टप्प्याची सोय आधी ठरवा, टॅक्सी असली तर उत्तम. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. दोन स्वेटर न्या, गच्चीवर वारा आहे.)

पाइनच्या जंगलातून वळल्यावर इमारत एकदम समोर येते, आणि पहिला विचार आला की ही जहाज आहे. लांब, अरुंद, पांढरी. रुग्णांच्या खोल्यांची बाजू उन्हाकडे तोंड करून, बाकीचे पंख वेगळ्या कोनात, त्यांना ज्याची गरज त्या दिशेला. आत जिन्याची जमीन चक्क लिंबासारखी पिवळी. बाहेर आभाळ राखाडी असताना तो पिवळा रंग बघून आमचे हे, ज्यांना इमारतींशी काही देणंघेणं नाही, जिन्यात उभेच राहिले.

मग आम्हाला रुग्णाच्या खोलीत नेलं. एक खोली मूळच्यासारखी जपून ठेवली आहे. आल्तोने पुढे लिहून ठेवलंय की या कामाच्या वेळी तो स्वतः आजारी होता, आणि पडल्या पडल्या त्याच्या लक्षात आलं की खोल्या उभ्या माणसासाठी केलेल्या असतात. आडव्या माणसाला दिवसभर काय दिसतं? छत. दिवा कुठे असतो? बरोबर डोळ्यावर.

म्हणून इथलं छत हिरवं आहे, मऊसा गडद हिरवा रंग, भिंतींपेक्षा शांत. दिवा नजरेच्या रेषेबाहेर. उष्णता छतातल्या पट्ट्यांतून येते आणि पायांकडे पडते, डोक्याकडे नाही. खिडकीतून वारा थेट अंगावर येत नाही. दोन काचांमधून वळसा घेत, थोडा कोमट होऊन येतो. कपाट भिंतीला टांगलेलं, खालून झाडू फिरावा म्हणून. दाराची मूठ अशी वळवलेली की डॉक्टरच्या कोटाची बाही अडकू नये. ही शेवटची गोष्ट ऐकून मी मोठ्याने हसले, कारण एकतीस वर्षांत माझे किती ॲप्रन दारांना अडकून फाटलेत याचा हिशेब नाही.

खोलीत दोन खाटा, दोघांना दोन बेसिन. मार्गदर्शक मुलीने आम्हाला गप्प राहायला सांगितलं आणि नळ सोडला. आवाज नाही. बेसिनचा उतार असा की पाण्याची धार तिरकी लागते, आदळत नाही. शेजारी झोपलाय आणि तुम्हाला रात्री हात धुवायचेत, एवढ्यासाठी. तिथे मला ती प्रसिद्ध खुर्ची एकदम लहान वाटली. तसंही ती या खोल्यांत नव्हतीच, बैठकीच्या दालनात होती. माझ्या मते आल्तोचं सगळ्यात चांगलं फर्निचर ही अख्खी खोली आहे. तिला पाय नाहीत म्हणून ती लिलावात जात नाही, इतकंच.

मी मार्गदर्शक मुलीला विचारलं, खाटेवर आडवं होता येईल का? नाही म्हणाली, आणि बरोबरच केलं. मी खाटेशेजारी गुडघ्यांवर बसून मान मागे टाकली. गटातले दोन जर्मन आर्किटेक्ट माझ्याकडे संशयाने बघायला लागले. हिरव्या छताला एकही फळी नव्हती. मोजण्यासारखं काहीच नव्हतं. आजोबांना हे आवडलं असतं की चौदा महिन्यांचा उद्योग गेला म्हणून ते चिडले असते, मला ठरवता आलं नाही.

शेवटी सगळ्यात वरची गच्ची. इथे रुग्णांना रांगेने खुर्च्यांवर निजवत, हिवाळ्यातही, पांघरुणात गुंडाळून. औषध नव्हतंच. हवा, ऊन, विश्रांती आणि खाणं, हाच उपचार. प्रत्येक मजल्यालाही अशा उघड्या बाल्कन्या होत्या. पुढे औषधं आली, क्षयाचे रुग्ण कमी झाले, इमारत सामान्य रुग्णालय झाली आणि त्या बाल्कन्या बंद करून आत खोल्या काढल्या. या बदलाचा एक धागा आपल्याकडे आहे, हे मी त्या मुलीला सांगितलं. मद्रासमध्ये १९५६ साली एक अभ्यास सुरू झाला. अर्ध्या रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, अर्ध्यांना घरी, त्यांच्या दाटीवाटीच्या खोल्यांत, गोळ्या दोघांना त्याच. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरी औषध घेणारे जवळपास तितकेच बरे होतात. जगभरची सॅनेटोरियमं रिकामी होण्यामागे हे एक मोठं कारण. तिने वहीत लिहून घेतलं. म्हणाली, "आमच्या फेरीत हे नाही." मी म्हटलं, आता घाला.

खाली कॅफेत सामन माशाचं सूप (यांना), राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणि लोणी (मला). परतीला टॅक्सी.

शनिवार : सायनात्सालो

तांपेरेला गाडी बदलून युवास्कुला, तिथून बसने सायनात्सालो बेटावर. आल्तोचं १९५२ सालचं नगरभवन, सगळं लाल विटांचं, मध्ये उंचावर अंगण, एका बाजूला गवताच्या पायऱ्या. गाव केवढं, तर आपल्या एखाद्या पेठेएवढं, आणि सभागृह सतरा मीटर उंच. किस्सा सांगतात की सदस्यांनी विचारलं, एवढी उंची कशाला? आल्तो म्हणाला, जगातलं सगळ्यात सुंदर नगरभवन इटलीतल्या सिएनाचं, त्याचं सभागृह सोळा मीटर आहे. आपण सतरा करू.

त्या दिवशी लक्षात राहिली ती दाराची मूठ, चामड्याची पट्टी गुंडाळलेली. पुन्हा तेच, हाताला गार लागू नये म्हणून. बाकी मी दमले होते आणि यांना लॅपटॉपवर क्रिकेट बघायचं होतं, त्यामुळे लवकर परतलो. ज्यांना वेळ आहे त्यांनी युवास्कुलाला दोन दिवस द्यावेत. जवळच मुरात्सालोला त्याचं प्रयोगाचं घर आहे, ते उन्हाळ्यातच उघडं असतं.

रविवार आणि नंतर

परत एस्पो. भाचीच्या इमारतीत सामायिक सौना, म्हणजे गरम वाफेची खोली आहे, तिचा वार रविवार. त्याबद्दल एवढंच सांगते की वरच्या बाकावर बसू नका.

स्टूल आलं. पाय स्क्रूने सुटतात, त्यामुळे चार तुकडे करून साड्यांमध्ये गुंडाळले. मुंबईला कस्टमच्या माणसाने बैठक हातात घेतली. "हे काय?" "स्टूल." "इकडे मिळत नाही?" यांनी माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न त्यांनीच विचारला असावा.

पुण्याला एक स्क्रू आटेना, म्हणून आमच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी स्क्रू बसवला आणि मग स्टूल उलटं करून खिडकीशी नेलं. वळणावरच्या रेघांवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. चष्मा काढून पुसला.

"ताई, हे कापून जोडलेलं नाही."

"नाही. चिरा पाडून वाकवलंय."

"कुठलं लाकूड?"

"भूर्ज."

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, सागाला जमणार नाही, सागात तेल असतं, सरस धरणार नाही. जुन्या बाभळीच्या फांदीचा एक तुकडा पडलाय दुकानात, बघतो. पुढच्या रविवारी पुन्हा आले, पाय मोजायला.